उपसागरात काही नाही

बंगालच्या उपसागरात काही नाही, एवढं सांगायला दिवसभर बसावं लागतं, यावर घरच्यांचाही विश्वास बसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपुरात हवामान खात्याच्या कार्यालयात आम्ही तेच करत होतो. मान्सूनचा आस, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला होता. तो तिकडे सरकला की उपसागराच्या उत्तर टोकाला कमी दाबाची क्षेत्रं धरत नाहीत आणि विदर्भाची झड तर त्यांच्याच जिवावर. पुढे तो महिना १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी.

या कामात मला सगळ्यात आवडतो तो पहाटेचा फुगा. हायड्रोजन भरताना मोबाईल बाहेर, अंगावर सुती कपडे. एक ठिणगी पुरते. सोडला की मिनिटाला साधारण तीनशे मीटर चढतो आणि खाली लटकलेला रेडिओसाँड तापमान, आर्द्रता, वारा कळवत राहतो. त्या दिवसांत फुगा आधी पश्चिमेच्या वाऱ्यावर उमरेडच्या बाजूला निघायचा. बऱ्याच उंचीवर त्याला पूर्वेचा वारा गाठायचा आणि पठ्ठ्या उलटा हिंगण्याकडे वळायचा. उपसागराचं पाणी एवढं तापलेलं असून जुलै-ऑगस्टात तिथे चक्रीवादळ सहसा का होत नाही, ते इथेच कळतं. खालचा वारा एकीकडे, वरचा दुसरीकडे. ढगांचा मनोरा उभा राहायच्या आतच वरचे मजले वाहून जातात.

त्यातल्याच एका दिवशी हवामानाच्या एका संगणक मॉडेलने नवव्या दिवशी उपसागरात जांभळा गोळा, म्हणजे वादळ, दाखवला. नवव्या दिवसाचा नकाशा आम्ही बघतो आणि बाजूला ठेवतो. पुढच्या फेरीत गोळा निम्मा झाला, त्यापुढच्या फेरीत म्यानमारकडे सरकला. दिल्लीच्या बुलेटिनात डिप्रेशनची, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीच्या पायरीची, शक्यता 'शून्य' होती. तोवर कुणीतरी पहिल्याच फेरीचा नकाशा उचलून 'विदर्भावर महाकाय वादळ' असा व्हिडिओ टाकून मोकळा झाला होता. एका वाहिनीच्या पत्रकाराने वादळ किती वाजता धडकणार ते विचारलं. काही येत नाहीये म्हटल्यावर त्याचा रसच संपला.

लोकांना नाव लागतं. नाव असलं की सगळे जागे. २०२१ च्या सप्टेंबरात 'गुलाब' आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं, त्याचे अवशेष तेलंगणा, विदर्भ, मराठवाडा ओलांडून अरबी समुद्रात उतरले आणि तिथे 'शाहीन' झाले; तेव्हा फोन थांबत नव्हते. उलट याच २०२३ च्या २३ सप्टेंबरला पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. त्या पावसाला काही नाव नव्हतं.

दुपारी काटोलकडून एका शेतकऱ्याचा फोन आला.

"मॅडम, ते वादळ खरंच येऊन राहिलं का?"

"नाही हो दादा, कुठलंच वादळ नाही."

मला वाटलं, सुटलो म्हणेल.

"येऊ द्या ना जी," तो म्हणाला. "सोयाबीनच्या शेंगा भरून राहिल्या, जमिनीले भेगा पडल्या. पानी तं पडन."

किनाऱ्यावरच्या माणसाला हे बोलणं वेडेपणाचं वाटेल. मला वाटलं नाही. मीही सकाळपासून नकाशात तेच शोधत होते.

"मंग मोटर लावू?"

हा प्रश्न आमच्या कुठल्याच प्रशिक्षणात नव्हता. शेतीच्या विजेची लाईन त्या आठवड्यात रात्रीची होती. मोटर लावायची म्हणजे टॉर्च घेऊन वावरात रात्र काढायची, सापाविंचवात. व्हिडिओ खरा मानला तर हे सगळं टळत होतं. मी म्हटलं, "लावा. पाच दिवस तरी झड नाही." लेखी अंदाजात मात्र आमचं नेहमीचं वाक्य होतं: एक-दोन ठिकाणी हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उपग्रहाच्या चित्रात काटोलच्या आसपास एक पांढरा ठिपका फुगला आणि थोड्याच वेळात विरला. रात्री त्याचा फोन.

"पडला जी. पन नाल्याच्या पल्याड. माह्या वावरात धूळ बी नाही दबली."

पडताळणीत आमचा अंदाज बरोबर निघाला. 'एक-दोन ठिकाणी' म्हणजे जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. तो नाल्याच्या पल्याडही पडू शकतो, अल्याडही; त्याबद्दल ते वाक्य काही बोलत नाही आणि आमच्याकडे त्याहून बारीक वाक्य नाही. वरिष्ठांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अंदाज चुकला का? नाही ना? मग?" माणूस हुशार आहे, पण शेतकऱ्याचा फोन त्यांनी कधी स्वतः उचललेला नाही.

टक्क्यांचं मी त्याला फोनवर समजावायला घेतलं. त्याने ऐकून घेतलं आणि मध्येच विचारलं, "ते राहू द्या. पुढच्या हप्त्यात लाईन दिवसाची हाये का रातची, ते समजते का तुमच्याकडून?"

ते आमच्याकडे नसतं म्हटलं.

"मंग ठेवतो जी. मोटर चालू हाये."