हातचा नसलेली संख्या

डोंबिवली स्टेशनचा पूल चढताना मी मनात आकडे म्हणतो. नवापर्यंत वर, मग आठ, सात, सहा करत खाली. पुलाला पायऱ्या पुष्कळ जास्त आहेत, पण माझा पूल एवढाच: १२३४५६७८९८७६५४३२१.

या जातीच्या संख्या गणिती द. रा. कापरेकरांना याच स्टेशनावर सुचल्या आणि स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्यांना ‘डेम्लो’ म्हटलं, असं सांगतात. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर होते. जग त्यांना ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे ओळखतं. आम्हा लोकलवाल्यांना डेम्लो जवळचा. गाडीची वाट बघताना लोक इंडिकेटरकडे बघत उसासे टाकतात, कापरेकरांना संख्या सुचल्या!

माझी पुलावरची संख्या वाचायची तर अब्ज-खर्व पुरत नाहीत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या यादीने सुरुवात होते एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू अशी. गंमत म्हणजे ‘मध्य’ अगदी टोकाला आणि ‘अंत्य’ त्याच्या आत. खरा मध्य म्हणजे नऊ, तो बसलाय दशकोटीच्या घरात.

ही संख्या म्हणजे नऊ एकांचा, १११११११११ चा वर्ग. उभा गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. बेरजेत पहिल्या घरात एक, मग दोन, असं वाढत मधल्या घरात नऊ, पुढे पुन्हा उतार. हातचा कुठेच नाही! शाळेत माझे निम्मे मार्क हातच्यानेच खाल्ले, त्यामुळे हिच्यावर माझा विशेष जीव.

मग हाव सुटते. दहा एक घेऊन बघू? मधल्या घरात दहा होतात. तिघांच्या बाकावर चौथा ‘जरा सरकून घ्या’ म्हणतो, तसा हातचा शेजारच्या नवाला ढकलतो. नवाचे दहा होतात, तो आठाला ढकलतो, आणि आठ नऊ होऊन बसतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब, शिखरावर दोन शून्यं.

मूळ संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांचंच. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. नीट बघा, इथेही आठ नाही. एकाला ८१ ने भागलं तर ०.०१२३४५६७९०१२३… तिथेही नाही, आणि तिथेही धक्का हातच्याचाच.

परवा पूल चढताना ‘आठ’ म्हणून मी उगाच थांबलो. मागून कोणाची तरी बॅग पाठीत बसली आणि मी नवव्या पायरीवर.