डिस्क बदलणं सोपं, जागा मिळवणं अवघड

माझा लॅपटॉप, थिंकपॅड टी४३०, हे २०१२ सालचं मॉडेल. त्यातली ३२० जीबीची हार्ड डिस्क गडकिल्ल्यांच्या फोटोंनी गच्च भरली होती. भाचा म्हणाला, "मामा, नवीन घे ना आता." पण या लॅपटॉपचा कीबोर्ड मला सोडवत नाही. म्हणून १ टीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) मागवली.

या लॅपटॉपमध्ये पातळ, ७ मिमी जाडीची डिस्क बसते, मागवण्याआधी जाडी बघून घ्या. बॅटरी काढायची, खालचा एक स्क्रू, झाकण सरकवायचं, पट्टी धरून डिस्क बाहेर ओढायची. डिस्कच्या दोन्ही कडांना काळ्या रबरी पट्ट्या असतात, त्या जुनीच्या काढून नवीला चढवायच्या. झालं. याचे दुकानदार पैसे घेतात!

खरी कटकट डेटा हलवताना. त्याआधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्यासाठी पूर्ण बंद न होण्याची सोय) बंद केलं, नाहीतर डिस्क अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते. मग नवी डिस्क यूएसबी-साटा केबलने जोडली, क्लोनझिला हे डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून चालू केलं आणि रात्रभर सोडून दिलं. सकाळी क्लोन तयार. मशीन बंद करून डिस्क बदलली. (क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क जोडून विंडोज चालू करू नका. दोघींची ओळख एकच असते, त्यामुळे विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकतं.)

लॅपटॉप झटकन सुरू झाला, पण सी ड्राइव्ह तेवढाच! विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सहाशेच्या वर जीबी रिकामे दिसत होते, आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' मात्र करडं, दाबताच येईना. नीट बघितलं तर सी आणि मोकळ्या जागेच्या मधोमध विंडोजचं चिमुकलं रिकव्हरी पार्टिशन (बिघाड झाला तर दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा कप्पा) ठाण मांडून बसलेलं, शेअर रिक्षात मध्येच पाय पसरून बसणाऱ्यासारखं. विंडोजला फक्त उजवीकडची लगतची जागा घेता येते. शेवटी जीपार्टेड हे पार्टिशन हलवणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून चालवलं, रिकव्हरीला पार टोकाला सरकवलं आणि सी वाढवला. हे करताना चार्जर लावलेला हवा, मध्येच लॅपटॉप बंद पडला तर पार्टिशनचं वाटोळं.

आता विंडोज एकूण ९३१ जीबी दाखवतं. कुणी फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.

जुनी डिस्क इतक्यात पुसणार नाही. दोनशे रुपयांच्या केसमध्ये घालून ठेवलीये, राजगडाचे सगळे फोटो नव्या डिस्कवर उघडतायत ना हे एकेक फोल्डर तपासून होईपर्यंत.