यवतेश्वरचा घाट आणि ब्रेक ऑइल

साताऱ्यातील माझ्या दोन दारांच्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये बदल करायचे ठरले, तेव्हा मित्रमंडळींत सायलेन्सर आणि इंजिनाची ताकद यांचीच चर्चा रंगली. मी मात्र सुरुवात ब्रेकपासून केली. गेल्या वर्षी कासहून परतताना यवतेश्वरचा घाट उतरत असता ब्रेकचे पेडल अचानक मऊ पडले आणि जवळजवळ तळाला टेकले. खालचा गिअर टाकून, इंजिनाच्या ओढीवर गाडी आवरत मी शहरात पोहोचलो.

दोष पेडलवरचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या जुन्या ब्रेक ऑइलचा होता. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते, आणि आपल्याकडचा पावसाळा त्याला ते भरपूर पुरवतो. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. उकळलेल्या ऑइलात वाफेचे बुडबुडे होतात, ते दाबले जातात, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही.

मी सर्व ऑइल काढून डॉट ५.१ भरले, ज्याच्या याच मर्यादा २६० आणि १८० अंश आहेत. नावाने जवळचे वाटणारे डॉट ५ सिलिकॉनचे असते. ते यात कधीही मिसळू नये. सोबत रबरी नळ्या काढून पोलादी जाळीच्या बसवल्या, त्यामुळे पेडल आता घट्ट लागते. सायलेन्सर मूळचाच ठेवला आहे, कारण त्याच्या आवाजाने घाट उतरणे सुरक्षित होत नाही.