तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट नॉर्मल, मग बरं का वाटत नाही?

"टीएसएच नॉर्मल आलाय ना? मग आता काय होतंय तुला?" घरच्यांनी विचारलं, ऑफिसातल्यांनी विचारलं, एकदा रक्त काढणाऱ्या मुलानेही विचारलं. दरवेळी "थकवा आहे थोडा" म्हणून मी विषय संपवते. आज संपवत नाही.

टीएसएच हे थायरॉईडचं हॉर्मोन नव्हेच. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉईडला धाडलेला निरोप. थायरॉईड कमी पडली की निरोपाचा जोर वाढतो, जास्त झाली की ओसरतो. साधारण ०.४ ते ४ ही चौकट निरोगी माणसांच्या रक्तावरून आखलेली आहे, त्यांतल्या मधल्या ९५ टक्क्यांची. माझा आकडा तिच्यात बसला म्हणजे पिट्युटरीची तक्रार नाही, इतकंच समजतं. दोन जिने चढल्यावर मांड्या का भरून येतात, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

पण कागदावर लिहिलेलंही नेहमी खरं असतं का? माझी थायरॉईड कमी पडते; थायरॉईडची गोळी सुरू होऊन तिसरं वर्ष होतं. न्हाणीघराच्या जाळीवर रोज केसांचा पुंजका अडकायचा. मी कुणाला न विचारता केसांच्या गोळ्या आणल्या. डबीवर लिहिलं होतं, बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) १० मिलिग्रॅम. महिन्याभराने नेहमीची तपासणी झाली. टीएसएच ०.०९, शेजारी ठळक 'एल', म्हणजे कमी. फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं खरं हॉर्मोन, वाढलेला, शेजारी 'एच'. दोन्ही आकडे एकच सांगत होते: डोस जास्त होतोय.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "धडधडतं का? वजन उतरलं? हात थरथरतात?" मी तिन्हीला नाही म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, रिपोर्ट पुन्हा वाचला, आणि मग शंभर मायक्रोग्रॅमची गोळी पन्नासवर आणली. त्यांनी पेन खाली ठेवलं तेव्हाच मी केसांच्या गोळ्यांचं बोलायला हवं होतं. लपवलं नाही हो. मला ते औषध वाटतच नव्हतं.

पुढचे आठ आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. आवाज घोगरा झाला. सकाळी पापण्या सुजलेल्या. एकदा लेकीच्या वहीवर सही करताना आडनावाच्या मध्यावर हात थांबला, पुढची अक्षरं आठवेनात. ती शेजारी उभी राहून वाट बघत होती, आणि मग हळूच म्हणाली, "आई, राहू दे, उद्या कर."

मधल्या काळात ती डबी संपली होती. फेरतपासणीत टीएसएच १९ आला. तेव्हा कुठे मॅडमनी बारीकसारीक सगळं विचारलं आणि उलगडा झाला. टीएसएच मोजण्याच्या काही पद्धतींत बायोटिनच वापरतात. रक्तात ते भरपूर असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दिसतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता. माझा आधीचा डोस बरोबर होता, मोजणी चुकली होती.

यानंतर मी दुसरं टोक गाठलं. आकडा खोटा, माझं अंग खरं, असं घोकत राहिले. जुना डोस परत सुरू झाला, टीएसएच २ वर आला, तरी गळून जायचे, म्हणून डोस वाढवा म्हणून मॅडमच्या मागे लागले. त्या वाढवायला तयार नव्हत्या, मी चिडले. त्यांनी फेरिटिन करायला सांगितलं, ते ८ निघालं. शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपला होता.

तेव्हाच्या स्वतःशी मी आजही भांडते. अंग खरं बोलत होतं, मान्य. पण ते थायरॉईडबद्दलच बोलतंय हे तू कशावरून ठरवलंस? यावर ती मला सुनावते की गप्प बसले असते तर फेरिटिन तरी कुणी केलं असतं का? तिचंही चूक नाही.

आता लोहाची गोळी थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनी घेते, नाहीतर ती थायरॉईडची गोळी नीट शोषू देत नाही. डोस बदलला की सहा-आठ आठवडे थांबून मगच रक्त देते. जे जे पोटात जातं ते एका कागदावर लिहून मॅडमपुढे ठेवते. फेरिटिन वर आलंय, टीएसएच २.१ आहे.

आणि बरं वाटतंय का? मंगळवारी वाटलं होतं. आज दुपारी चारला पुन्हा आडवी झाले.