तांब्याभर पाणी

रविवारी जेवण आटोपल्यावर संगणकाला अपडेट करून आपणहून रीस्टार्ट व्हायला सांगितले आणि मी आडवा झालो. उठून पाहतो तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींची दाटी आणि त्यांत ‘कर्नल पॅनिक’ हे दोन शब्द. कर्नल म्हणजे माझ्या संगणकावरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि तोच अडून बसला होता. पुढे ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ अशी तक्रार होती, म्हणजे यंत्राला आपल्याच पोटातली डिस्क सापडत नव्हती.

अशा वेळची माझी एक खोड आहे. मी यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो, मग आणखी एकदा करतो, आणि तिसऱ्यांदा बटण जरा हळुवार दाबतो, जणू आधी दोन्ही वेळा माझ्या बोटाचेच काही चुकले होते. तेही निष्फळ ठरल्यावर चहा टाकला, आणि पातेल्यात पाणी ओतताना आजोळचा हापसा आठवला.

त्या हापशाचा चामडी वायसर झिजलेला होता. रात्रभरात पाइपातले पाणी खाली उतरून जाई, आणि सकाळी नुसता दांडा मारला तर घसा बसल्यासारखा कोरडा आवाज येई. वरून तांब्याभर पाणी ओतून दांडा भराभर मारला, की चामडे ओले होऊन पकड घेई. त्यासाठी आजी रोज रात्री पितळी तांब्या भरून, वर ताटली झाकून, कट्ट्यावर ठेवत असे, आणि त्या पाण्याला हात लावण्याची कोणालाही मुभा नव्हती. एका मे महिन्यात मी पहाटे उठून त्याच पाण्याने पाय धुतले. आजी रागावली नाही. तिने रिकामा तांब्या माझ्या हाती दिला आणि शेजारच्या घराकडे बोट दाखवले. “काकू, पाणी काढायला पाणी हवंय,” असे म्हणताना मेल्याहून मेल्यासारखे झाले होते.

लिनक्सचा कारभार याहून फारसा वेगळा नाही. डिस्क वाचायची तर तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, हवा, आणि तो ड्रायव्हर बहुधा डिस्कवरच असतो. म्हणून यंत्र चालू होताना कर्नलला जागे करणारा ग्रब हा प्रोग्रॅम कर्नलबरोबर ‘इनिटरॅमएफएस’ नावाचे एक छोटे गाठोडे आधीच मेमरीत आणून ठेवतो. त्यातल्या ड्रायव्हरच्या जोरावर कर्नल खऱ्या डिस्कपर्यंत पोहोचतो. संगणक सुरू होण्याला ‘बूट’ होणे म्हणतात, तो शब्दही याच पेचातून आला आहे, बुटाला मागे जो पट्टा असतो तो धरून स्वतःच स्वतःला उचलण्याच्या अशक्य कल्पनेवरून. १९७५च्या आल्टेअर ८८०० या संगणकावर तर सुरुवातीच्या सूचना माणूसच पुढच्या पट्टीवरचे खटके एकेक करून वरखाली करत भरत असे. तो तांब्या रोज हाताने भरावा लागे, असेच म्हणायचे.

माझा तांब्या मीच रिकामा ठेवला होता. बूटसाठी वेगळी राखलेली ५०० मेगाबाइटची जागा जुन्या कर्नलांनी भरून गेली होती, आणि ती साफ करण्याची आठवण मी कित्येक महिने उद्यावर ढकलत आलो होतो. नवा कर्नल कसाबसा मावला, त्याच्या गाठोड्याला जागा उरली नाही. शेवटी चालू होताना शिफ्टचे बटण दाबून धरले, ग्रबचा मेनू उघडला, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून मागचा कर्नल निवडला, आणि यंत्र मुकाट्याने सुरू झाले. दोन सोडून बाकीचे जुने कर्नल काढले, गाठोडे नव्याने बांधून घेतले. या कामाला दहा मिनिटे लागली. त्याआधीचे दोन तास कुठे गेले, ते सांगण्यासारखे नाही.

संध्याकाळी मामाला फोन केला. हापशाच्या जागी आता मोटर बसवली आहे, पण पाइपाच्या तळाशी पाणी अडवून धरणारा फुटव्हॉल्व्ह गळू लागल्यापासून तीही वरून पाणी मागते, म्हणून मामी प्लास्टिकची बाटली भरून ठेवते, असे तो सांगत होता. आजीच्या तांब्याचे काय झाले, हे विचारायचे राहूनच गेले.