गॅपचा स्क्रू

घरात आधीच जागा नाही आणि मी तारेच्या चाव्या जमवतो. कुलपाच्या नव्हे हो, तारऑफिसातले बाबू जिच्यावर कट्ट-कडकट्ट करायचे ती मोर्स की. सध्या चार की आणि एक साउंडर, म्हणजे आलेली तार टक्‌टक् करून ऐकवणारं यंत्र, आहे, आणि आमच्या सौ.च्या मते मी एकच वस्तू पाच वेळा विकत आणलीय.

पहिली महूला मिळाली. इंदूरच्या शेजारीच, तिथे फौजेचं सिग्नलवाल्यांचं कॉलेज, त्यामुळे कबाड्याकडे काय निघेल नेम नाही. ‘भिया, बिजली का कोई आयटम है, डेढ़ सौ दे दो’ म्हणाला. काळं बेकेलाइट, वर लिहिलेलं की डब्ल्यू.टी. ८ अँप नं. २, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश फौजेचा माल! मी घासाघीस न करता पैसे दिले, तिथेच त्याला चुकल्यासारखं झालं असणार.

पण जीव जडलाय तो पितळी कीवर. तिच्यात फार काही नसतंच, एक दांडी, एक स्प्रिंग, खाली कॉन्टॅक्ट आणि मागे गॅपचा स्क्रू, म्हणजे दांडी किती खाली जाईल ते ठरवणारा. छोटा दाब म्हणजे डॉट, लांब म्हणजे डॅश, डॅश डॉटच्या तिप्पट, एवढाच हिशोब, तरी प्रत्येकाचा हात वेगळा पडतो. त्याला फिस्ट म्हणतात, महायुद्धात तर पलीकडचा ऑपरेटर कोण ते नुसत्या फिस्टवरून ओळखायचे. साउंडरची गंमत त्याहून भारी, तो पीं पीं करत नाही, लोहचुंबकाने पट्टी खाली ओढली की एक टक्, सुटली की दुसरं, आणि दोन टक्‌मधल्या वेळावरून डॉट की डॅश ते कानाने ठरवायचं. सुरुवातीला कागदाच्या पट्टीवर खुणा उमटायच्या पण ऑपरेटर लोक आवाजावरूनच वाचायला लागले, पट्टी बघतंय कोण.

तर त्या पितळी कीचा गॅप मी आठ वर्षं हलवला नव्हता. कुण्या अनोळखी तारबाबूने आपल्या हाताला बेतून लावलेला, तो तसाच राहू द्यावा असं वाटायचं, आलेल्यागेलेल्याला मी हे जरा घोगऱ्या आवाजात सांगायचोही.

मागच्या रविवारी रामबागेतले अप्पा आले. तारखात्यात उभी हयात गेली, १४ जुलै २०१३ ला देशातली शेवटची तार घेतली तेव्हा ते कधीचे रिटायर झालेले. मी घोगरा आवाज काढला. त्यांनी चष्मा वर केला, दांडी दोनदा दाबली.

‘कसला तारबाबू? नट सैल झालाय. एवढ्या गॅपने अर्ध्या तासात मनगट सुजेल. पेचकस आण.’

माझी आठ वर्षांची श्रद्धा दोन मिनिटांत खोलून टेबलावर ठेवली. कॉन्टॅक्टमध्ये साधा कागद धरून ओढला, काळं निघालं. स्क्रू पाव फेरा, दाबून बघ, अजून थोडा. मग कोपर टेबलाला टेकवून असे काही सुटले की बोटं हलताना दिसेनात, मनगटच तेवढं झुलत होतं.

‘लिही.’

‘अप्पा, हळू!’

मग खास माझ्यासाठी बैलगाडीच्या वेगाने. मी किराण्याच्या बिलामागे लिहून घेतलं. सी. एच, हे चार डॉट मला येतात. ए. परत एच. परत ए.

‘अहो,’ मी आत हाक मारली, ‘अप्पा चहा मागतायत.’


‘मग तोंडाने सांगा की,’ आतून आवाज आला.