सेंटिनल नोड बायोप्सी: माझा अनुभव

स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली की पुढचा प्रश्न काखेचा: तिथल्या लसिकाग्रंथींत कॅन्सर पोचलाय का? माझ्या काखेत हाताला काही लागत नव्हतं, सोनोग्राफीतही ग्रंथी संशयास्पद नव्हत्या. एखादी तशी दिसली असती तर आधी सुईने तपासली असती. म्हणून सेंटिनल नोड बायोप्सी ठरली. स्तनातला लसिकाद्रव ज्या ग्रंथींत सर्वांत आधी पोचतो तेवढ्याच काढायच्या, बहुधा १ ते ३. त्या स्वच्छ असतील तर बाकी काख उघडत नाहीत.

सकाळी स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाशी टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन दिलं. सुई बारीक, पण औषध आत जाताना चांगलंच चुरचुरतं. त्याचं अर्धायुष्य ६ तास, त्यामुळे शस्त्रक्रिया त्याच दिवशी. भूल दिल्यावर मिथिलिन ब्लू हा निळा रंग टोचून ५ मिनिटं मालिश करतात. मग निळी झालेली किंवा किरणोत्सर्ग टिपणारा प्रोब जिच्यावर वाजतो ती ग्रंथी काढतात. बोटाला टणक लागेल तीही, मग रंग असो वा नसो. कॅन्सरने गच्च भरलेल्या ग्रंथीत रंग शिरतच नाही.

नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. काही गोळ्यांचं मिथिलिन ब्लूशी अजिबात जमत नाही. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी होते, घाबरू नका. कातडीवरचा निळा डाग मात्र महिनोन्‌महिने राहू शकतो.

आता रिपोर्ट. फ्रोझन म्हणजे टेबलावर असतानाचा घाईचा निकाल. माझा ‘३ पैकी ०’, म्हणजे तिन्ही ग्रंथी स्वच्छ, असा आला आणि घरच्यांनी पेढे आणले. अंतिम रिपोर्टात एका ग्रंथीत कॅन्सरचा १ मिमीचा ठिपका निघाला. यात कुणाची चूक नाही: फ्रोझनला मोजकेच काप पाहतात, इतकं बारीक निसटतं. ०.२ ते २ मिमी म्हणजे मायक्रोमेटास्टॅसिस, रिपोर्टात ‘पीएन१एमआय’. एवढ्यासाठी सहसा पूर्ण काख साफ करत नाहीत, माझीही केली नाही. पेढे अंतिम रिपोर्टनंतर आणा.

दंडाची आतली बाजू बधिर राहते. तिथली संवेदना देणारी नस काखेतूनच जाते. तिसऱ्या आठवड्यात हात वर केला तर काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली सुतळीसारखी दोरी ताणलेली दिसली. याला कॉर्डिंग म्हणतात. दुखतं म्हणून हात छातीशी धरून बसलात तर खांदा आखडतो. फिजिओथेरपिस्टने भिंतीवर बोटं चढवत न्यायला लावली, रोज जिथवर पोचले तिथे पेन्सिलीची खूण.